माझ्या नावाने खेळलेली मॅच

फुटबॉल खेळून मी सात-आठ वर्षं पगार घेतला, घर चालवलं, बहिणीचं लग्न केलं. तरी कोणी 'तुम्ही प्रोफेशनल फुटबॉलर होता ना?' असं विचारलं की माझी जीभ अडखळते. होतो, असं म्हणायला हवं. पण इतकी वर्षं मला वाटत होतं, की तो फुटबॉलर मी नव्हेच, दुसराच कोणीतरी होता आणि मी नुसता त्याच्या जागी जाऊन बसलो. मग एके दिवशी कळलं की तसं नव्हतं. ते कळल्यावर गोंधळ मिटायचा, तो वाढला. अजूनही मिटलेला नाही. म्हणून जसं झालं तसं सांगतो, तुम्हाला काही उलगडा झाला तर बघा.

आम्ही अंधेरीला राहायचो, पूर्वेला, एका जुन्या गावठाणाला चिकटून असलेल्या चाळीत. चाळीत सगळे आमच्यासारखेच, कोकणातून आलेले आणि गिरणीत लागलेले. गावठाणातले लोक तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे, ख्रिस्ती. घरात मराठीच बोलायचे, पण त्यांची मराठी वेगळी आणि आमची मालवणी त्याहून वेगळी. मध्ये चर्चचं मैदान होतं. आमची मुलं तिथे क्रिकेट खेळायची, त्यांची मुलं फुटबॉल. क्रिकेटमध्ये मी इतका वाईट होतो की मला कायम अंपायर करायचे, आणि आउट दिला की दोन्ही बाजू माझ्याच अंगावर यायच्या. शेवटी वैतागून मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिकडच्या पोरांनी मला गोलसमोर उभं केलं आणि सांगितलं, "इथून कोणी पुढे जाता कामा नये." एवढंच काम असेल तर जमेल, असं मला वाटलं, आणि ते जमलंसुद्धा.

गोलसमोर, बचावाच्या मधोमध जो उभा राहतो त्याला आम्ही स्टॉपर म्हणायचो. सगळा खेळ त्याच्या डोळ्यांसमोर चालतो, म्हणून बोलायचं कामही त्याचंच. कोण मोकळा राहिलाय, कोणी पुढे जायचं, कोणी मागे यायचं, बॉल घ्यायचा की सोडायचा, हे त्याने ओरडून सांगायचं. माझं तोंड लहानपणापासून बंद राहत नसे. शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्या होत्या, इथे त्याचंच कौतुक व्हायला लागलं. घरी मात्र कौतुक नव्हतं. वडील म्हणायचे, "बॉल लाथाडून पॉट भरतला काय रे तुजा?" वडिलांचं म्हणणं मला पटायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदानावर जायचो.

माझा दोस्त गावठाणातला. तोही स्टॉपर, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. हे मी विनयाने म्हणत नाही, विनयाचा मला कंटाळा आहे. त्याचा पाय बॉलवर असा पडायचा की समोरच्याला बॉल गेला हे दोन पावलं पुढे गेल्यावर कळायचं. तो बोलायचा मात्र नाही. मैदानावर नाही आणि बाहेरही फारसा नाही. एका टीममध्ये दोन स्टॉपर काय करायचे, म्हणून स्पर्धा असली की मी गावठाणाच्या टीमकडून खेळायचो आणि तो बोरिवलीकडे त्याच्या आजोळच्या गावच्या टीमकडून. गावठाणातल्या पोराची जागा मी घेतली, असं तेव्हा कोणी म्हणालं नाही. मलाही तसं वाटलं नव्हतं. तसं वाटायला पुढे भरपूर वेळ मिळणार होता.

गिरण्यांचा मोठा संप झाला त्या वर्षीची गोष्ट. वडील घरी बसले होते. सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, कपडे करायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. मी नुकताच विशी ओलांडलेला, शिक्षण अर्धवट, हाताला काम नाही. पाऊस संपल्यावर दरवर्षी चर्चच्या मैदानावर आसपासच्या गावठाणांची स्पर्धा व्हायची. आमची टीम फायनलला गेली, पण सेमीफायनलमध्ये उडी मारून खाली येताना माझा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. फायनल पुढच्या रविवारी, आणि टीममध्ये स्टॉपर नाही.

दोस्ताची आजोळची टीम पहिल्याच फेरीत हरून घरी गेली होती. पण एका टीमकडून खेळलेल्याला त्याच स्पर्धेत दुसऱ्या टीमकडून खेळता येत नसे. तेव्हा खेळाडूंची यादी सुरुवातीला द्यायची, त्यात नुसती नावं. फोटो वगैरे भानगड नव्हती. चर्चच्या पायऱ्यांवर बसून पाच मिनिटांत ठरलं की दोस्ताने माझ्या नावाने खेळायचं. "नाव तुझं, पाय त्याचे," आमचा कॅप्टन म्हणाला. यात काही खोटेपणा आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळ्याच टीम कधी ना कधी असं करायच्या. फक्त जिंकलेल्या टीमचं हे बाहेर पडलं तर कप परत घेतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

फायनलच्या दिवशी रेफरीने यादी हातात घेऊन एकेकाला पुकारलं. माझं नाव आमच्या कुलदैवताचं, वडिलांचं त्याहून मोठ्या देवाचं, आणि आडनाव असं की ऐकताच देवगड डोळ्यांसमोर यावं. ते पुकारलं गेल्यावर माझा दोस्त "येस सर" म्हणून पुढे आला आणि मैदानाच्या रेषेवर थांबून, सवयीप्रमाणे, त्याने कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस केला. रेफरीने यादीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. आता पकडले गेलो, असं आम्हाला वाटलं. रेफरीही कुठल्यातरी गावठाणातलाच असणार. त्याने यादी घडी करून खिशात घातली आणि शिट्टी वाजवली.

चर्चच्या पॅरिश हॉलमधली एक लाकडी खुर्ची आणून मला आमच्या गोलच्या खांबाशेजारी बसवलं होतं. मी तिथून ओरडायला लागलो ते थांबलोच नाही. दोस्त बोलत नाही, मग बोलायचं कोणी? "उजवीकडे बघ! मागे माणूस! पुढे जा, जा, जा! सोड!" रेफरीने दोनदा डोळे वटारले. हाफटाइमला बाजू बदलल्या तेव्हा पोरांनी मला खुर्चीसकट उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. लोक हसले. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर आतून जळत होतो. माझ्या नावाने तो असा खेळत होता, जसा मी कधीच खेळलो नव्हतो. गावठाणातली पोरं त्याला मुद्दाम माझ्या नावाने हाका मारत होती, चिअर करत होती. आपल्या नावाचा जयजयकार होतोय आणि आपण प्लास्टर घालून खुर्चीवर बसलोय, यात आनंद मानायचा की काय, मला कळेना.

आम्ही एका गोलने जिंकलो. अगदी शेवटी एक लांब बॉल आमच्या गोलच्या दिशेने आला, मी ओरडलो "सोड!", बॉल बाहेर जाणार असं मला दिसत होतं. त्याने सोडला नाही. घसरत जाऊन पायाच्या टोकाने बाहेर काढला. पुढच्याच क्षणी शिट्टी झाली आणि सगळे त्याच्या अंगावर पडले. मीही लंगडत गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या घरी मुलुंडच्या एका रंगाच्या कंपनीकडून बोलावणं आलं. कंपनीची फुटबॉल टीम होती, शहरात लीग खेळायची. आमची फायनल बघून त्यांच्या स्पोर्ट्सच्या साहेबांनी माझं नाव घेतलं होतं, पत्ता चर्चमधून मिळवला होता. तेव्हा मुंबईत फुटबॉलमधला प्रोफेशनल म्हणजे हाच. बँकेत, कारखान्यात, सरकारी खात्यात खेळाडू म्हणून घ्यायचे. सकाळी मस्टरवर सही, दुपारपर्यंत टेबल, जेवणानंतर प्रॅक्टिस. पगार कारकुनाचा, पण पर्मनंट. कॅन्टीन, पी.एफ., सगळं. वडिलांनी ते बोलावणं दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि आईला म्हणाले, "बग गो, झिलाक बोलावलेनी हा." मला मात्र आनंद होईना. कारण साहेबांनी फायनल बघितली होती, आणि फायनल मी खेळलोच नव्हतो.

तसाच उठून दोस्ताकडे गेलो. तो अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"हे तुझं आहे यार," मी म्हणालो. "तुला बघितलंय त्यांनी. तू जा."

"मी कसा जाऊ? नाव तुझं आहे."

"सांग ना त्यांना खरं काय ते."

"काय सांगू? दुसऱ्याच्या नावाने खेळलो म्हणून? कप जाईल. पोरं मारतील मला." तो पुन्हा जाळी ठोकायला लागला. मग मान वर न करता म्हणाला, "तुझे बाबा घरी बसलेत ना? जा तू. पाय बरा झाला की तूच खेळणार आहेस, मी नाही."

मी काय बोलायला हवं होतं? मला आजही कळत नाही. मी 'बरं' म्हणालो. त्याच्या आईने आतून चहा पाठवला, तो प्यायलो आणि घरी आलो.

प्लास्टर निघालं, थोडं चालायला-पळायला लागलो, मग कंपनीत गेलो. साहेब पन्नाशीचे, स्वतः कधीकाळी खेळलेले, कान मोडलेला. मी आत गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काय रे, पाय कसा आहे आता?" फुटबॉलवाल्याला पायाबद्दलच विचारणार, अशी मी मनाची समजूत घातली. ट्रायल झाली. त्यात मी धड खेळलो नाही. पाय जड पडत होता आणि डोक्यात एकच, की आता हे म्हणणार, तो परवाचा पोरगा हा नव्हेच. पण कोणी काही म्हणालं नाही. मला घेतलं. त्यामुळे माझी खात्रीच झाली, की हे ट्रायल बघून घेतलेलं नाही, ती फायनल बघून घेतलंय.

तिथून माझी ती विचित्र कारकीर्द सुरू झाली. ऑफिसात मला डिस्पॅचमध्ये बसवलं होतं. कोणी काम शिकवेना. "तू राहू दे रे, तुला दुपारी जायचंय." मैदानावर गेलो तर टीममधले जुने खेळाडू मला 'क्लार्क' म्हणायचे, कारण मी बूट काढल्यावर लगेच शर्टाची वरची बटणं लावायचो. म्हणजे ऑफिसात फुटबॉलर आणि मैदानावर क्लार्क. रोज दुपारी कॅन्टीनमधून बाहेर पडताना मी नक्की कुठून कुठे चाललोय, हेच मला समजत नसे. क्रिकेटचा वर्ल्ड कप आपल्याकडे आला तेव्हा तर सगळं ऑफिस मला विचारायला लागलं, की तू चुकीच्या खेळात कसा शिरलास. नंतर टीव्हीवर फुटबॉलचा वर्ल्ड कप दाखवला, तेव्हा तीच माणसं विचारायला लागली, "तू गोल का नाही मारत कधी?" स्टॉपरने गोल मारायचा नसतो, मारू द्यायचा नसतो, हे मी त्यांना सांगून सांगून थकलो.

पहिले दोन सीझन मी जवळजवळ मुका होतो. माझ्या आजूबाजूला माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे खेळाडू. त्यांना मी काय सांगणार, की मागे या, पुढे जा? आणि मुळात मी कोण? दुसऱ्याच्या जागेवर आलेला माणूस आवाज चढवत नाही. साहेब रेषेबाहेर उभे राहून ओरडायचे, "अरे बोल की! तुला बोलायला घेतलंय!" सगळे हसायचे. मला वाटायचं, हा टोमणा आहे, म्हणजे खेळता तर येत नाही, निदान बोल तरी. तो टोमणा जिव्हारी लागायचा. मग एका मॅचमध्ये आमच्या राइट बॅकने तीनदा माणूस मोकळा सोडला, माझं डोकं फिरलं आणि मी त्याला सगळ्यांसमोर असं काही झापलं की तो हबकून जागेवर आला. त्या दिवसापासून मी बोलायला लागलो आणि जरा बरा खेळायलाही लागलो. टीमच्या लिस्टमध्ये माझं नाव न विचारता लागायला लागलं. भुवईवर टाके पडले, नाक वाकडं झालं, पावसाळ्यात चिखल प्यायलेला बॉल डोक्याने मारून रात्रभर डोकं दुखायचं. हे सगळं माझंच होतं, दुसऱ्या कोणाचं नव्हतं. तरी पगाराच्या दिवशी आई एकच म्हणायची, "त्या पोराच्या वाटणीचा आमी खातंव रे." ती देवभोळी नव्हती, रडकीही नव्हती. हिशेबातली गोष्ट सांगावी तशी सांगायची. मग गणपतीत मोदकांचा पहिला डबा त्याच्या घरी, आणि नाताळात त्यांच्याकडून मैद्याचे तळलेले फुगे आणि केक आमच्या घरी. आईचा डबा दरवर्षी मोठा होत गेला.

दोस्ताने खेळणं सोडलं होतं. गोरेगावला स्टुडिओत तो सेटचं सुतारकाम करायला लागला. राजवाडे, देवळं, कोर्ट, सगळं प्लायवूडचं, पुढून खरं आणि मागून टेकू दिलेलं. मला एकदा तो दाखवायला घेऊन गेला होता. नोकरीच्या गोष्टीवर तो आपणहून कधी काही बोलला नाही, फक्त गावठाणात कुणाचं लग्न, बारसं असलं आणि कोणी माझी ओळख विचारली की म्हणायचा, "कंपनीने मला बघून ह्याला घेतला. चुकीचा माणूस घेतला." सगळे खो खो हसायचे. तोही हसायचा. हे बोलताना त्याचा चेहरा जसा खुलायचा तसा एरवी कधी खुलत नसे. मीही हसायचो आणि आत कुठेतरी कळ यायची. तो मला टोचतोय, की नुसती गंमत करतोय, की त्याला याचा अभिमान वाटतोय, काही केल्या ठरवता येत नसे. विचारायचं धाडस झालं नाही. साहेबांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. कप गेला असता, आणि कदाचित नोकरीही.

दशक संपता संपता माझा डावा गुडघा गेला. कंपनीने मला टीममधून मोकळं केलं आणि ऑफिसातलं पूर्ण वेळेचं काम दिलं. टीमने कॅन्टीनमध्ये छोटासा निरोपसमारंभ केला. सामोसे, वेफर्स, शाल, नारळ. साहेब तोवर रिटायर झाले होते, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते माझ्याबद्दल चार शब्द छान बोलले. पण निरोपाला माणसं काय, कोणाहीबद्दल छानच बोलतात. नंतर चहा पिताना आम्ही दोघेच एका कोपऱ्यात होतो. आता खेळ संपला होता, त्या फायनलच्या कपवर गंज चढला होता. मला राहवेना.

"साहेब, एक सांगायचंय. तुम्ही मला ज्या मॅचमध्ये बघून घेतलंत ना, चर्चच्या मैदानावरच्या फायनलमध्ये, ती मॅच मी खेळलोच नव्हतो. माझ्या नावाने माझा दोस्त खेळला होता."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. आणि ते हसायलाच लागले.

"अरे, खेळला नव्हतास ते मला माहीत नाही का? तुझ्या पायाला प्लास्टर होतं."

"मग मला घेतलंत कशाला?"

"मी खेळाडू बघायला आलो होतो," ते म्हणाले. "आणि गोलच्या खांबाशी खुर्चीवर बसून एक पोरगा अख्खी टीम हलवतोय. हाफटाइमला तुझी खुर्ची त्या टोकाला नेली, तेव्हा मीही उठून त्या टोकाला गेलो. मॅच संपल्यावर चर्चच्या फादरना विचारलं, तो प्लास्टरवाला कोण? त्यांनी नाव दिलं, पत्ता दिला. आमच्या टीममध्ये पाय भरपूर होते रे. तोंड कोणाला नव्हतं."

"आणि तो? जो खेळत होता तो?"

"बरा होता की. पण त्याला चालवत तू होतास."

मी तिथून निघालो तो थेट गोरेगावला गेलो. शाल अंगावर, नारळ पिशवीत, गुडघा ठणकतोय. इतकं हलकं मला त्या सगळ्या वर्षांत वाटलं नव्हतं. ती जागा माझीच होती! आईला सांगायचं, की आपण कोणाच्या वाटणीचं खाल्लं नाही. पण आधी त्याला सांगायचं, कारण इतकी वर्षं तोही समजत होता की त्याची नोकरी माझ्याकडे गेली. त्याच्याही मनावरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं. हसू नका, अगदी खरंच असं वाटलं.

स्टुडिओत दुपारची सुट्टी होती. तो मात्र एका कोर्टाच्या सेटवर, आरोपीच्या पिंजऱ्याचे कठडे रंधत होता. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. साहेब, प्लास्टर, खुर्ची, फादर, सगळं. सांगता सांगता मीच हसत होतो. तो हसला नाही. रंधा बाजूला ठेवून त्याने हात पँटला पुसले, आणि पुसतच राहिला.

"म्हणजे मला कोणी बघितलंच नाही?" तो म्हणाला.

माझं हसू तिथेच थांबलं. मला वाटत होतं की त्याच्याकडून काहीतरी गेलंय, पण ते तर इतकी वर्षं त्याच्याकडेच होतं. एका मोठ्या कंपनीने एकदा आपल्याला निवडलं होतं, हे त्याच्याकडे होतं. लग्नाकार्यात तो तेच काढून दाखवत होता. ते मी आत्ता, शाल पांघरून, धावत येऊन काढून घेतलं होतं.

"मी बघितलं ना," मी म्हणालो.

"तू काय बघितलंस? तू तर नुसता बोंबलत होतास."

"बघितल्याशिवाय बोंबलेन काय? शेवटचा तो लांब बॉल आला, मी सोड म्हणालो. आठवतं?"

त्याने मान वर केली. "मी नाही सोडला."

"का नाही सोडलास? बाहेर जात होता."

"नव्हता जात. मागून त्यांचा लेफ्ट आउट धावत सुटला होता. तुला खुर्चीवरून दिसणार नाही, मध्ये खांब होता. मना दिसला." रागावला किंवा खूश झाला की त्याच्या घरची बोली अशी बाहेर पडायची. "सोडला असता तर गोलच होता."

आयुष्यात बोलून कमावलेला माणूस मी. आमचा कप ज्या एका बॉलवर राहिला, तिथे मी चुकीचं ओरडलो होतो आणि त्याने ऐकलं नव्हतं. साहेब त्या टोकालाच बसले होते. त्यांना माझा आवाज ऐकू आला असणार. त्याने काय केलं ते त्यांनी बघितलं नाही. आणि गंमत म्हणजे मीही त्या दिवशी बघितलं नव्हतं, आत्ता त्याने सांगितलं तेव्हा दिसलं.

"म्हणजे साहेबांनी चुकीचाच माणूस घेतला," मी म्हणालो.

"तेच तर सांगतोय मी, इतकी वर्षं," तो म्हणाला, आणि त्याचा तो लग्नाकार्यातला खुललेला चेहरा परत आला.

मग माझा गुडघा बघून त्याने जज्जसाहेबांची खुर्ची ओढून आणली, हाताने तिच्यावरचा भुसा झाडला आणि म्हणाला, "बस. उभा राहू नकोस." मी बसलो. त्याने रंधा उचलला आणि मला म्हणाला, "हं, आता पहिल्यापासून सांग. सुरुवातीला काय झालं? मी कसा खेळलो?"